वीज गेल्यावर चालणारा माग

१९ नोव्हेंबर २००७

आज बाबांनी किल्ली दिली. निजामपुऱ्यातला आमचा गाळा किती वर्षं बंद होता ते त्यांनाही नीट आठवत नाही. कुलूप गंजून बसलं होतं. इश्तियाकभाईंनी रॉकेल ओतून ते सोडवलं. हे आमच्या गाळ्याचे जुने मिस्त्री. माग बंद पडल्यावर समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचे, आज इतक्या वर्षांनी पुन्हा हातात पाना घेतला. आत बारा माग, वर पत्र्याखाली पारवे, आणि कापसाची रुई तारांवरून इतकी लोंबत होती की रुचिका म्हणाली, "उन्नती, भिवंडीत बर्फ पडलाय."

रुचिका कल्याणची. कापडाचं डिझाइन आम्ही एकाच कॉलेजात शिकलो. हे खूळ दोघींचं. गल्लीतले निम्मे माग भंगारात गेले. उरलेले कोरं कापड विणतात आणि दुसऱ्याच्या गोदामात पाठवतात. रंग, छपाई, शिलाई, सगळं बाहेर. आम्ही ते एका छपराखाली आणणार. डिझाइन करणारे, विणणारे, रंगारी, शिवणाऱ्या बायका, सगळे एकाच जागेत. गल्लीतल्या कुठल्याही लहान मालकाने यावं, आमच्याबरोबर बसावं, आमच्या यंत्रांवर नमुना काढावा. एक गाळा उठला तर शेजारचाही उठेल.

बाबा उंबऱ्यातच उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, "एक वरीस देतो तुला. न्हाय जमलं तं गाळा इकून टाकू."

नाव ठेवलंय 'साझा गाळा', म्हणजे सगळ्यांचा. गल्लीने मात्र आजच 'पोरींचा कारखाना' करून टाकलंय.

३ डिसेंबर

मानेची गाठ परत आली. मागच्या वर्षी बरं वाटलं म्हणून मी गोळ्या मध्येच सोडल्या होत्या, त्याचं हे फळ. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठीचा टीबी आहे, दुसऱ्याला लागत नाही, पण या वेळी गोळ्यांबरोबर सुयाही घ्याव्या लागतील. एक दिवसाआड.

अंजूरला, आमच्या गावात, कुणाला कळू द्यायचं नाही, असं आक्काने ठरवलं. आक्का म्हणजे माझी आत्या. आई गेल्यापासून घर तिच्याच हातात आहे. "लग्नाची पोर हायस. गावभर बोभाटा झाला तं कोण दारात उभा रहील?" त्यामुळे सुईच्या दिवशी आम्ही दोघी 'देवळात' जातो. बाबांनाही ठाऊक नाही. रुचिकालाही नाही. ओढणी मानेभोवती गुंडाळते. सगळ्यांना वाटतं, नवी फॅशन.

१४ डिसेंबर

सहा माग चालू झाले! इश्तियाकभाई प्रत्येक मागाच्या पाठीवर बैलाला मारावी तशी थाप मारतात. मागच्या बाजूला शिलाईची यंत्रं, खिडकीखाली आमचं लांब टेबल, अंगणात रंगाची पिंपं. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचे दोन मालक नुसते बघायला आले आणि जेवायच्या वेळेपर्यंत बसून राहिले.

दिघाशीहून माधवी यायला लागली. कांड्यांवर सूत भरायला ठेवली होती, आठ दिवसांत मागावर उभी राहिली. बाई मागावर, म्हणून गल्लीतली पोरं दारात गर्दी करतात. ती त्यांच्याकडे बघत नाही. पदर खोचते आणि माग चालू करते.

माग धडधडत असताना कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. सगळे ओठांनी आणि हातांनी बोलतात. माधवीने मला चार दिवसांत शिकवलं. दोरा तुटला, चहा आला, मालक आला, मर तिकडे. फार मजा येते.

२९ डिसेंबर

आज एक विचित्र गोष्ट.

दुपारी वीज गेली. वीज गेली की निजामपुरा असा गप्प होतो की अंगावर काटा येतो. हजारो माग एकदम थांबतात आणि मग कुठेतरी भांडं पडलेलं, मूल रडलेलं ऐकू येतं. आज सगळं थांबलं, पण एक माग थांबला नाही. दूर, गल्लीच्या टोकाला. बारीक, एकसारखा.

मी इश्तियाकभाईंना विचारलं, "जनरेटर कुणाकडे आहे?"

"इस गल्ली में? किसी के पास नहीं."

मी आवाजाच्या मागे चालत गेले. गल्लीच्या टोकाला भंगारात गेलेल्या मागांचा एक रिकामा गाळा आहे. शटरला दोन कुलुपं, खाली गवत उगवलेलं. शटरला कान लावला. आवाज आतूनच येत होता. पण तिथून मागे फिरले तरी तो तेवढाच राहिला, लांब गेला नाही.

रुचिकाला सांगितलं नाही. हसली असती.

७ जानेवारी २००८

पारवे घुमेनासे झालेत.

आधी मला वाटलं, उडून गेले. पण नाही, वर पत्र्याखाली तसेच बसलेत. आज जेवताना मी बराच वेळ मान वर करून बघत राहिले. नर मादीभोवती गोल फिरतो, गळा फुगवतो, मान खाली-वर करतो. आवाज नाही. एक नाही, सगळेच. काचेपलीकडे असल्यासारखे.

माधवीला वर बोट करून म्हटलं, "हे गप्प का?"

तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "गप कुठं? डोकं उठवलंय मेल्यांनी."

माझी थट्टा करते असं वाटून मी हसले. ती मात्र हसत नव्हती.

१८ जानेवारी

सुया चालूच आहेत. दंड दुखतो. डॉक्टरांनी आणखी महिनाभर वाढवल्या.

गाळ्याची जमीन खचते आहे. माझी खात्री आहे. दारातून टेबलापर्यंत चालताना पाय उजवीकडे ओढला जातो. माळ्याच्या जिन्यावर अंधारात तर भिंत धरल्याशिवाय उतरता येत नाही. इथे पूर्वी विहीर होती, ती बुजवून गाळा बांधला, असं इश्तियाकभाई बोलले होते. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी गवंडी बोलावला. त्याने पाण्याची नळी लावून चारही कोपरे मोजले आणि म्हणाला, "ताई, जमीन सरळ हाय. रेषभर फरक न्हाय."

तो बोलत होता तेव्हाही जमीन हलली. मी टेबल धरलं. त्याने नाही धरलं.

१९ जानेवारी

घरीही हलते. म्हणजे मी ती बरोबर घेऊन आले.

२७ जानेवारी

लोक माझ्या पाठीमागे कुजबुजायला लागलेत. रुचिका आणि शिलाईवाल्या बायका एकत्र बसलेल्या असतात, तोंडं हलत असतात, मी आत गेले की आवाजच बंद. तोंडं मात्र हलतातच. म्हणजे मला कळू नये इतक्या हळू बोलायचं, असं ठरलेलं दिसतंय.

गंमत अशी की माग धडधडत असले की सगळे माझे असतात. हसतात, खुणा करतात, मला सगळं कळतं. माग थांबले की ते माझ्यापासून लांब जातात. मी आता जेवणाच्या सुट्टीची वाट बघत नाही, तिची भीती वाटते.

रिक्षासुद्धा पाठीमागून गुपचूप येतात. आज एक अगदी खेटून थांबली. ड्रायव्हर तोंड वेडंवाकडं करून काहीतरी म्हणाला, तेही कुजबुजतच.

६ फेब्रुवारी

रुचिकाशी भांडण.

मुंबईच्या एका दुकानाला आमचं कापड आवडलंय. वसंतातल्या प्रदर्शनात त्यांना आमच्या गाळ्याचा पूर्ण कोपरा हवाय, गल्लीतल्या सगळ्यांच्या नमुन्यांसकट. एवढी मोठी गोष्ट रुचिकाने मला विचारल्याशिवाय ठरवली. म्हणे, मी दिवसभर तुला फोन करत होते, तू उचलला नाहीस. फोन माझ्या पर्समध्ये होता. वाजला नाही. मी तिच्यासमोर फोन टेबलावर आपटला. म्हटलं, "खोटं बोलतेस. सगळ्यांना फितवलंयस. गाळा माझ्या बापाचा आहे, हे विसरू नकोस."

ती पांढरीफटक पडली. काहीतरी बोलली, इतकं हळू की मी म्हटलं, "निदान मोठ्याने तरी बोल!"

तिने कानांवर हात ठेवले. मग आपले ब्रश गोळा केले आणि निघून गेली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी काय एवढं मोठ्याने बोलत होते?

तो दूरचा माग आता वीज असतानाही चालतो. अंजूरलाही ऐकू येतो, खाडीच्या बाजूने.

१३ फेब्रुवारी

आजचं लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

जेवणाची सुट्टी होती. बाकीचे माग बंद, माणसं बाहेर जेवायला गेलेली, फक्त माधवी एकटी प्रदर्शनाचा नमुना विणत होती. मी टेबलाशी, तिच्याकडे पाठ करून, काठाची नक्षी काढत होते. दोघींमध्ये फार तर दोन हातांचं अंतर. शांत होतं. मला खरंच बरं वाटत होतं.

मग दारातून इश्तियाकभाई धावत आले. तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले, थेट माझ्या अंगावर. मला वाटलं, मला मारायला येतायत. मी कोपऱ्यात सरकले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात लांबवून स्विच पाडला.

तेव्हा मी मागे वळले.

माधवीचा पदर मोटरच्या पट्ट्यात गेला होता. ती यंत्रावर ओणवी ओढली गेली होती, उजवा हात चाकाखाली, मान पदराने आवळलेली. चेहरा काळानिळा. इश्तियाकभाईंनी कात्रीने पदर कापला. गल्लीतली माणसं आत घुसली. तिला उचलून रिक्षात घातलं.

मी तिथेच उभी होते. तिने हाक का नाही मारली? दोन हातांवर होते मी. स्विच माझ्या कोपराशी होता. एक हाक मारली असती तरी!

१४ फेब्रुवारी

हात दोन ठिकाणी मोडलाय. जीव वाचला.

१७ फेब्रुवारी

माधवीची आई तुळजाबाई दवाखान्याबाहेर बसली होती. मी शेजारी बसले तर उठली. समोर उभी राहून, एकेक शब्द तोडत म्हणाली, "माझी पोर उन्नतीताई उन्नतीताई करून वरडत व्हती. सगळ्या गल्लीनं ऐकलं. तू नक्षी काढत बसलीस."

मी म्हटलं, "मावशी, शपथ घेते. ती ओरडली नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

इश्तियाकभाई समोरून आले तर वाट सोडतात. मुसलमान आणि हिंदू दोन्ही बायकांनी लेकरांना गाळ्यासमोरून जाऊ देणं बंद केलंय. तिथे काहीतरी आहे म्हणतात. मलाही तसंच वाटायला लागलंय. हाक गेली कुठे? एका बाईच्या तोंडून निघाली, सगळ्या गल्लीत पोचली आणि दोन हातांवर माझ्यापर्यंत आली नाही. पारव्यांचं घुमणं, फोन, रुचिकाचं बोलणं, सगळं वाटेत कुणीतरी खातंय. आणि बदल्यात तो एक माग मला ऐकवतंय.

आज गाळ्याला कुलूप लावलं. बाबा म्हणाले, गिऱ्हाईक बघतो.

२६ फेब्रुवारी

दिघाशीला गेले. आक्का नको म्हणत होती. एकटीच गेले.

माधवी ओसरीवर बसली होती, हात प्लास्टरमध्ये, गळ्यावर अजून वळ. तुळजाबाईने मला पाहिलं आणि आत जाऊन दार लोटलं. माधवी मात्र "बसा" म्हणाली. मी बसले. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती, तोंड अंगणाकडे. मी वाट बघत राहिले की ती काहीतरी बोलेल. शिव्या तरी देईल. शेवटी मीच म्हटलं, "माधवी, एकदा तरी बोल ना माझ्याशी."

ती सावकाश वळली. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा तोंड अंगणाकडे फिरवलं. तिचा गाल हलताना मला दिसला. मग ती वळली. असं तिने दोन-तीनदा केलं. मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग ती उठून माझ्यासमोर येऊन बसली. गुडघ्याला गुडघा लावून. डाव्या हाताने आधी माझ्या कानाला हात लावला, मग मागावर बोलतो तशी, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "ताई, तुम्हाला ऐकाया येत न्हाय."

मी म्हटलं, "येतं. आत्ता आलं की."

तिने मान हलवली. "म्या आवाजच न्हाय केला."

कोंबड्या पायांत फिरत होत्या. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग तुळजाबाईचं दार उघडलं, ती काहीतरी म्हणाली, आणि मला फक्त दार दिसलं.

मी फार रडले. माधवी मोडक्या हाताने जमेल तशी माझ्या पाठीवर थोपटत होती. मी रडताना किती मोठा आवाज केला कुणास ठाऊक, शेजारची माणसं गडग्याशी जमली.

१ मार्च

कल्याण. डॉक्टरांनी कानाच्या तज्ज्ञाकडे धाडलं. डोक्याला यंत्र लावून काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी दाबत होते. नंतर कळलं, बरेच वेळा त्यांनी काही वाजवलंच नव्हतं.

सुयांमुळे झालंय. कुणाकुणाला ते औषध कानाला बाधतं. तोल जातो, कानात आवाज येतो, मग ऐकू येणं जातं. सुया आजपासून बंद. गोळ्या बदलल्या. गेलं ते परत येत नाही. उरलं ते राहील, बहुतेक.

डॉक्टरांनी कागदावर लिहून विचारलं, 'कानात आवाज येतो हे आधी का सांगितलं नाही?'

मी म्हटलं, "मला वाटलं, माग आहे."

आक्का बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवलं होतं, कानात वाजलं तर लगेच या. ती माझा हात धरून सारखं एकच म्हणत होती. मी तिचे ओठ वाचले. "तू कधी बोललीसच न्हाय गं मला. तू कधी बोललीसच न्हाय."

९ मार्च

बाबांना आक्कानेच सगळं सांगितलं. ते ओरडले असावेत, कारण कुत्रा पळाला. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि माझी ओढणी मानेवरून बाजूला केली. गाठ बघितली. पुन्हा ओढणी नीट केली.

गाळा विकायचं पुढे ढकललंय. कुलूप उद्या काढायचं.

रुचिकाकडे गेले. दारातच म्हटलं, "तू फोन केला होतास. मला ऐकू आला नाही. मला कमी ऐकू येतं." तिला आधी वाटलं मी नेहमीचं काहीतरी बोलतेय. मग तिने तोंडावर हात घेतला. मी तिचा हात खाली ओढला. म्हटलं, "हात नको, तोंड दिसू दे."

१७ एप्रिल

प्रदर्शन झालं. आमचा कोपरा लहान होता. गल्लीतल्या सात गाळ्यांचं कापड तिथे लावलं होतं, प्रत्येकाखाली विणणाऱ्याचं आणि मिस्त्रीचं नाव. इश्तियाकभाईंनी इस्त्रीचा सदरा घालून दिवसभर स्वतःच्या नावाजवळ उभं राहायचं काम केलं. लोक विचारायचे आणि ते माझ्याकडे बोट दाखवायचे. मी रुचिकाकडे दाखवायची. हसायला आलं.

दुकानाने पुढची मागणी दिली. आमच्या शेजारच्या गाळ्याचा मालक, ज्याने माग भंगारात काढायचे ठरवले होते, त्याने थांबतो म्हणून सांगितलं.

माधवीला विचारायला गेले होते. परत येशील का? ती म्हणाली, "हात नीट झाला तं येईन. पण तुम्ही माझ्याकडं तोंड करून बसायचं, ताई." चहा तुळजाबाईनेच दिला.

८ मे

माधवी आली. दोन बोटं वाकत नाहीत. आता सगळ्या बायका साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून येतात, ओढणी काढून खुंटीला लावतात, आणि सगळ्या पट्ट्यांवर इश्तियाकभाईंनी जाळ्या बसवल्यात.

आमचं टेबल फिरवलं. पाठ भिंतीला, तोंड सगळ्यांकडे. बारा माग, शिलाईच्या बायका, अंगणातली पिंपं, दार, सगळं समोर दिसतं. रुचिका शेजारी बसली की मला टेबलावर बोटांनी ठोकते, मग बोलते. आज शेजारच्या गाळ्यातले दोघं नमुन्यासाठी आले होते. पलीकडच्या गल्लीतला एक रंगारीही. जागा कमी पडायला लागलीय.

डावा कान जवळजवळ गेला. उजव्यात यंत्र घालते. त्यात सगळंच एकसारखं येतं, पत्र्यावर खडे पडल्यासारखं.

जेवणाची सुट्टी झाली. माग थांबले. मी यंत्र काढून ठेवलं होतं. रुचिका कप तोंडाकडे नेत होती. इश्तियाकभाई डबा उघडत होते. आणि एकदम, सगळ्यांनी एकदम, माना दाराकडे वळवल्या.

मीही बघितलं, जरा उशिराने. दारात कुणी नव्हतं. बाहेर ऊन, समोरचं शटर, रिकामी गल्ली. पण ते बघतच राहिले. काहीतरी अजून चालू असताना बघतात तसे. रुचिकाचा कप हवेतच. एका शिलाईवाल्या बाईने छातीवर हात घेतला. वर पारवे एकदम उडाले आणि पुन्हा बसले.

मी माधवीकडे बघितलं. तिच्या ते लक्षात आलं. सगळ्यांत आधी तिनेच दाराकडून नजर काढली, माझ्याकडे पूर्ण वळली आणि ओठांनी म्हणाली, "काय न्हाय, ताई. कुत्रं व्हतं."

बाकीच्यांच्या माना अजून तिकडेच होत्या. कुत्रं एवढा वेळ ओरडत नाही. पण माधवीचं तोंड माझ्याकडे होतं, आणि मला तेवढं पुरे होतं.

"बरं," मी म्हटलं, आणि डबा उघडला.